इंटरनेट सुसाट, पण लँडलाइन मुकी? स्वारगेटच्या जुन्या नंबरांचं नशीब ठरवणारा 'व्हीलॅन' नेमका काय असतो?

पुण्यात जुन्या दुकानांच्या पाट्या नीट बघितल्या तर एखादीवर अजूनही एक गंमत दिसते. सात आकडी फोन नंबर रंगवलेला असतो आणि त्याच्या आधी, वेगळ्या रंगात, जरा वाकडा असा एक '२' घुसवलेला असतो. २००२-०३च्या सुमारास बीएसएनएलच्या सगळ्या नंबरांपुढे २ लागला, तेव्हाची ही खूण. पाटी नवी करण्यापेक्षा एक आकडा रंगवणं स्वस्त पडलं.

स्वारगेटच्या आसपासचे बीएसएनएलचे बरेच जुने नंबर २४४ ने सुरू होतात. हे नंबर लग्नपत्रिकांवर छापले गेले, दवाखान्यांच्या केसपेपरवर आले, बँकेच्या फॉर्मवर भरले गेले. मोबाइल आल्यावर घरातल्या पोरांनी लँडलाइनचा नाद सोडला, पण आजी-आजोबांनी आणि दुकानदारांनी सोडला नाही.

आता या नंबरांवर नवीन संकट आलंय, आणि ते दिसायला अगदी किरकोळ आहे. तांब्याची जुनी तार निघते, फायबर येतं, भिंतीवर पांढरा डबा बसतो. इंटरनेटचा स्पीड बघून सगळे खूश होतात. मग कोणीतरी लँडलाइनचा रिसीव्हर उचलतं, तर त्यात चिडीचूप. फायबरवाल्याला फोन केला की उत्तर येतं, "काका, व्हॉइसचा व्हीलॅन टाकायचा राहिलाय. उद्या बघतो."

हा उद्या कधीकधी पंधरा दिवसांनी उगवतो. हा व्हीलॅन काय असतो, तो कोण टाकतं, घरी बसून आपल्याला टाकता येतो का, आणि मुळात एका आकड्यासाठी एवढं अडून का राहावं लागतं, ते बघू.

आधी फोन कसा चालायचा?

तांब्याच्या काळात घरातला फोन हा तसा बिनडोक होता आणि तीच त्याची ताकद होती. एक्स्चेंजमधून दोन तारा निघायच्या आणि थेट तुमच्या घरातल्या फोनपर्यंत यायच्या. त्या तारांवर ४८ व्होल्टचा वीजपुरवठाही एक्स्चेंजच यायचं द्यायचं, म्हणजे घरात दिवे गेले तरी फोन चालू. घंटी वाजवायची वीजही तिकडूनच. तुमच्या बाजूला सेटिंग नावाचा प्रकारच नव्हता. वायर जोडली की डायल टोन.

फायबरमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे घरात आलेल्या प्रकाशाचं परत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा एक डबा लागतो. त्याला ओएनटी म्हणतात. पुण्यात बोलताना लोक त्याला सरसकट 'राउटर' किंवा 'मोडेम' म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही. या डब्याच्या मागे इंटरनेटच्या पोर्टशेजारी एक छोटा, फोनच्या पिनेचा पोर्ट असतो. जुना फोन त्यातच लावायचा.

पण त्या पोर्टच्या आत आता एक छोटा कॉम्प्युटर बसलेला असतो. तो तुमच्या आवाजाचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहितो आणि इंटरनेटच्या भाषेत कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. म्हणजे तुमच्या हॉलमधला तो जुना बटणांचा फोन आता आतून इंटरनेट फोन झालेला असतो, त्याला स्वतःला मात्र याचा पत्ता नसतो.

ज्यांच्या डब्याला फोनचा पोर्टच नाही, त्यांच्यासाठी हेच काम करणारी वेगळी पेटी मिळते. तिला एटीए किंवा साध्या भाषेत फोन ॲडॉप्टर म्हणतात. पुण्यातल्या अनेक घरांना ही पेटी नवीन नाही. २०००च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मुलांनी आईवडिलांकडे व्होनेजसारख्या कंपन्यांचे ॲडॉप्टर पाठवले होते. इकडे घरात फोन वाजायचा, नंबर मात्र न्यू जर्सीचा असायचा. पुढे व्हॉट्सॲप कॉल आला आणि या पेट्या माळ्यावर गेल्या. फायबर आल्यावर आता काहीजण त्याच पेट्या खाली काढून त्यात २४४चा नंबर बसवायचा प्रयत्न करतात. बहुतेक वेळा ते जमत नाही, कारण अशा अनेक पेट्या त्या-त्या कंपनीपुरत्या लॉक केलेल्या असतात.

मग व्हीलॅन म्हणजे काय?

यासाठी स्वारगेटइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

२००६च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. रस्ता तोच, डांबर तेच, पण मधली लेन फक्त बससाठी. रिक्षा, कार, दुचाकी सगळं बाजूनं जायचं. (प्रत्यक्षात दुचाकी कुठून गेल्या ते पुणेकरांना सांगायला नको.)

व्हीलॅन म्हणजे फायबरच्या एकाच तारेवर आखलेल्या अशा लेन. एका लेनमधून तुमचं इंटरनेट जातं, दुसरीतून टेलिफोन, तिसरीतून कधी टीव्ही, आणि एक लेन कंपनी स्वतःसाठी ठेवते, जिच्यातून ती तुमचा डबा लांबूनच तपासते. तार एकच, पण एका लेनमधल्या गाडीला दुसऱ्या लेनमधली गाडी दिसतसुद्धा नाही.

लेन आखायला इथं रंग नसतो, आकडा असतो. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर चार बाइटचं एक लेबल चिकटवलं जातं आणि त्यात लेनचा नंबर लिहिलेला असतो. ८०२.१क्यू नावाच्या मानकात हे सगळं ठरलेलं आहे. ते १९९८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं आणि आजही जगभर तेच चालतं. नंबरासाठी लेबलमध्ये १२ बिट ठेवलेत, त्यामुळे १ ते ४०९४ यांतला कुठलाही आकडा चालतो.

आणि इथंच सगळा घोळ होतो. व्हॉइसची लेन कुठल्या नंबरची हे कंपनी ठरवते. कंपनीगणिक आकडा वेगळा, काही वेळा एकाच कंपनीत भागाप्रमाणे वेगळा. तुमच्या डब्यात तो बरोबर भरला नसेल, तर आवाजाचे तुकडे चुकीचं लेबल लावून निघतात आणि पलीकडचं यंत्र ते गुपचूप टाकून देतं. 'तुमचा व्हीलॅन चुकलाय' असा मेसेज येत नाही. बीआरटीत घुसलेल्या दुचाकीकडे निदान कोणी हटकून तरी बघतं, इथं तेवढंही होत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. वेगळी लेन मिळाली म्हणजे आवाजाला आपोआप प्राधान्य मिळालं असं नाही. व्हीलॅन फक्त वेगळं करतो. प्राधान्य देण्यासाठी त्याच लेबलमध्ये आणखी ३ बिट असतात, ० ते ७. आवाजासाठी साधारण ५ टाकतात. सेटिंगच्या पानावर हा रकाना '८०२.१पी' किंवा 'प्रायॉरिटी' या नावानं दिसतो आणि घाईत तो बऱ्याचदा शून्यावरच राहतो.

याचा परिणाम कधी कळतो? फोनला खरं तर फार कमी जागा लागते. नेहमीच्या दर्जाच्या कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट, पत्त्याचं वजन धरून ९०च्या आत. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनचा हजारावा हिस्सासुद्धा नाही. अडचण जागेची नसून वेळेची असते. तोंडातून निघालेला शब्द पलीकडच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. घरात कोणी मोबाइलमधले लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असेल आणि आवाजाचे तुकडे त्या रांगेत मागे उभे असतील, तर "हॅलो... हॅलो, ऐकू येतंय का" सुरू होतं.

डब्यात नेमकं काय भरतात?

फायबरवाला लॅपटॉप किंवा मोबाइल जोडून डब्याचं पान उघडतो, तेव्हा तिथं 'वॅन' नावाच्या विभागात एकापेक्षा जास्त कनेक्शन तयार करायची सोय असते. पहिलं इंटरनेटचं. त्यात इंटरनेटच्या लेनचा नंबर आणि तुमचं युजरनेम-पासवर्ड. ते झालं की वायफाय सुरू होतं, आणि बहुतेकांच्या दृष्टीनं काम संपतं.

व्हॉइससाठी दुसरं कनेक्शन तयार करावं लागतं. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. सर्व्हिसच्या यादीतून 'इंटरनेट' न निवडता 'व्हीओआयपी' निवडणं. व्हॉइसच्या लेनचा व्हीलॅन नंबर. आणि या लेनवर पत्ता आपोआप मिळणार आहे की हातानं भरायचा आहे, ते. हा पत्ता कंपनीच्या आतल्या जाळ्यातला असतो, बाहेरच्या इंटरनेटवरचा नाही.

यानंतर व्हॉइसच्या वेगळ्या पानावर सर्व्हरचा पत्ता, तुमचा नंबर (बहुतेकदा +९१ लावून पूर्ण) आणि एक पासवर्ड. हा पासवर्ड वायफायचा नाही, इंटरनेटचाही नाही. तो फक्त टेलिफोनचा. सगळं जुळलं की डब्यावरचा फोनचा दिवा स्थिर होतो.

फोन चालत नसेल तर कुठं अडलंय हे पानावरूनच बरंच कळतं, आणि हे माहीत असलं की फायबरवाल्याशी बोलताना आपली बाजू जड होते. डब्याच्या 'स्टेटस' पानावर व्हॉइसच्या कनेक्शनसमोर पत्ता रिकामा किंवा सगळे शून्य दिसत असतील, तर व्हीलॅन चुकलाय किंवा पलीकडून तुमच्यासाठी ती लेन उघडलेलीच नाही. पत्ता आलाय पण 'रजिस्टर्ड' दिसत नाही, तर लेन बरोबर आहे आणि गडबड नंबर-पासवर्डात आहे. रजिस्टर्ड दिसतंय आणि तरी रिसीव्हरमध्ये शांतता, तर वायर किंवा फोन तपासा. डब्याला दोन फोन पोर्ट असतील आणि पिन दुसऱ्यात घातली असेल, तरी हेच होतं. कंपनीनं एकाच पोर्टवर नंबर चढवलेला असतो.

फोन लागतो, पण एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा तुम्ही फोन करू शकता पण थोड्या वेळानं येणारे कॉल बंद होतात, असंही होतं. हा त्रास विशेषतः स्वतःच्या राउटरमागे वेगळा ॲडॉप्टर लावणाऱ्यांना होतो. तिथं व्हीलॅनचा दोष नसतो. राउटर मध्ये पडून पत्ते बदलतो आणि आवाजाला परतीची वाट सापडत नाही. राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाचा पर्याय असेल तर तो बंद करून बघायचा. नावावरून तो मदत करणारा वाटतो, पण अनेक राउटरवर तोच गोंधळ घालतो.

व्हिडिओ बघून आकडा भरताय? जरा थांबा

यूट्यूबवर 'व्हॉइस सेटिंग' असं शोधलं की शेकडो व्हिडिओ निघतात. त्यात कोणीतरी ठामपणे एक नंबर सांगतो आणि खाली कमेंटमध्ये अर्धे लोक 'चालला' म्हणतात, अर्धे 'नाही चालला'. दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांचे भाग वेगळे असतात.

ॲडॉप्टर वेगळा असेल तर यात एक मोठा सापळा आहे. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी ८०१ किंवा ८०२सारख्या, भारतात सहज मिळणाऱ्या ॲडॉप्टरच्या पानावर व्हीलॅनचा रकाना असतो आणि त्यात सुरुवातीला ० असतं. शून्य म्हणजे लेबल लावू नको. घरातल्या साध्या राउटरमागे पेटी लावली असेल तर हे शून्यच बरोबर आहे. कारण लेनचं लेबल राउटर स्वतः पुढे लावतो. घरातल्या घरात लेन नसतातच.

तरीही कोणी व्हिडिओतला आकडा तिथं भरून सेव्ह केलं, की पेटी त्या क्षणापासून फक्त लेबल लावलेलीच भाषा बोलते. साध्या राउटरला ती कळत नाही. पेटीचं पान उघडेनासं होतं, त्यामुळे चूक दुरुस्त करायला आतही जाता येत नाही. दार आतून लावून किल्ली आत विसरावी, तसं. मग मागच्या बारीक भोकात टाचणी घालून काही सेकंद दाबून ठेवायचं आणि सगळं पहिल्यापासून भरायचं, एवढाच मार्ग उरतो. पेटीला कुठला पत्ता मिळालाय हे विसरलं असेल, तर तिला लावलेल्या फोनवरून तीनदा * दाबायचं आणि मग ०२. पेटी इंग्रजीत पत्ता वाचून दाखवते.

कंपनीच्या डब्यात हात घालताना वेगळी अडचण येते. कंपनी स्वतःच्या लेनमधून डब्यावर लक्ष ठेवून असते. त्यामुळे तुम्ही रात्री जागून बरोबर केलेली सेटिंगसुद्धा पुढच्या रीस्टार्टला परत कंपनीच्या जुन्या सेटिंगवर जाऊ शकते. म्हणून आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवणं बरं.

आणि ते फोटो स्वतःकडेच ठेवायचे. फेसबुक ग्रुपवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लोक मदत मागताना व्हॉइसच्या पानाचा स्क्रीनशॉट सरळ टाकतात. त्यात नंबर, सर्व्हर आणि कधी पासवर्डही उघडा असतो. तो हाती लागला तर दुसरा कोणी तुमच्या नावावर कॉल करायचा प्रयत्न करू शकतो. बिल आणि पोलीस, दोन्ही तुमच्या दारात येतील.

कंपन्या ही माहिती देत का नाहीत?

याला एक कारण सुरक्षेचं आहे आणि ते पोकळ नाही. स्वारगेटपासून काही किलोमीटरवर कोंढव्यात २०२४च्या ऑगस्टअखेरीस महाराष्ट्र एटीएसनं एक बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं. तिथून सिमबॉक्स आणि साडेतीन हजारांहून जास्त सिमकार्डं जप्त झाली. अशा ठिकाणी परदेशातला कॉल इंटरनेटवरून आत घेतात आणि इथल्या नंबरावरून पुढे सोडतात. सरकारचं शुल्क बुडतं आणि कॉल खरा कुठून आला ते लपतं. इंटरनेटवरचा आवाज आणि देशातलं टेलिफोनचं जाळं यांच्यातला सांधा म्हणूनच भारतात फार जपला जातो.

कायद्याचा प्रवासही तसाच सावध आहे. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण इथल्या साध्या फोनवर इंटरनेटवरून कॉल लावायला नाही. ते दार उघडायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रायनं शिफारस केली, २०१८मध्ये दूरसंचार विभागानं परवानाधारक कंपन्यांना वाट मोकळी केली आणि लगेच जुलैमध्ये बीएसएनएलनं 'विंग्स' ही ॲपवरून कॉल करायची सेवा जाहीर केली.

म्हणजे टेलिफोन कुणी चालवायचा यावर बंधन असणं समजू शकतं. पण स्वतःच्या नावावरच्या, स्वतः बिल भरत असलेल्या नंबराची सेटिंग ग्राहकाला न देणं ही वेगळी गोष्ट आहे. जर्मनीत हा वाद झाला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून तिथं कायदाच लागू झाला. ग्राहक आपल्या पसंतीचा राउटर लावू शकतो आणि इंटरनेटसोबत टेलिफोनचीही लॉगइनची माहिती कंपनीला न मागता द्यावी लागते. तिथं फसवणुकीचा पूर आला नाही. पासवर्ड ज्याचा, जबाबदारी त्याची, एवढं साधं ठेवलं.

आपल्याकडे ग्राहक दुहेरी अडकतो. मोबाइल नंबर २०११पासून देशभर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येतो. लँडलाइनला ही सोय नाही. स्वारगेटच्या एखाद्या डॉक्टरांना व्हॉइसच्या सेटिंगचा कंटाळा येऊन दुसऱ्या कंपनीचं फायबर घ्यायचं असेल, तर २४४चा नंबर सोडून जावं लागतं. तीस वर्षांच्या पेशंटना नवा नंबर कोण कळवणार? त्यामुळे ते थांबतात आणि फायबरवाल्याची वाट बघतात.

त्यात तो फायबरवालाही बऱ्याचदा कंपनीचा नसतो. बीएसएनएलचं घराघरातलं फायबर मोठ्या प्रमाणात स्थानिक भागीदारांमार्फत येतं. त्यांतले अनेकजण मूळचे केबलवाले. तुमच्या घरापर्यंतची तार आणि लेन त्यांच्या ताब्यात, टेलिफोनचा सर्व्हर आणि पासवर्ड कंपनीच्या. फोन बंद पडला की एक म्हणतो वरून अडलंय, दुसरा म्हणतो खालून अडलंय. पुढे इंटरनेटचं बिल वेळेवर भरलं जातंय तोवर मुक्या लँडलाइनसाठी पळायची घाई कुणालाच नसते. या भानगडीत स्टेटस पानावर 'पत्ता आलाय की नाही' हे बघून ठेवलेलं उपयोगी पडतं. पत्ता नसेल तर काम लेनचं, पत्ता असेल तर काम सर्व्हरचं. तक्रारीचा डॉकेट नंबर मात्र कंपनीकडूनच घ्यायचा, स्थानिक माणसाच्या शब्दावर राहायचं नाही. ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथं पहिला प्रश्न डॉकेट नंबरचाच असतो.

लँडलाइन आता कोणाला हवीय?

आकडे बघितले तर वाटतं तेवढी ती मेलेली नाही. २००५-०६च्या सुमारास देशात ५ कोटींच्या आसपास लँडलाइन होत्या. २०२०पर्यंत त्या २ कोटींवर आल्या. आणि मग आलेख परत वर वळला, कारण फायबरसोबत फोन नंबर फुकट मिळायला लागला. ऑगस्ट २०२२मध्ये तर जिओनं ग्राहकसंख्येत बीएसएनएलला मागं टाकलं. जिओ ७३.५ लाख, बीएसएनएल ७१.३ लाख. यातल्या किती घरांत त्या पोर्टला फोन खरंच जोडलेला आहे हा भाग निराळा.

ज्यांना ती खरंच लागते त्यांची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात गुरुवार म्हणजे पाणी बंद आणि महावितरणच्या दुरुस्तीची वीज बंद, हे लहान मुलांनाही माहीत असतं. तांब्यावरचा फोन गुरुवारीही चालायचा. फायबरवरचा डबा घरातली वीज गेली की त्याच क्षणी बंद. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरात नेमका त्याच वेळी मोबाइलही चार्ज नसेल, तर ११२ लावायचा कशावरून?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट अंगाशी आला. तिथं तांब्याची सगळी टेलिफोन सेवा २०२५च्या अखेरीस बंद करायची असं ठरलं होतं. ज्येष्ठांच्या गळ्यात असलेली, बटण दाबलं की मदत बोलावणारी उपकरणं नव्या लाइनवर चालली नसल्याच्या गंभीर घटना समोर आल्या. २०२३च्या डिसेंबरमध्ये सरकारनं कंपन्यांना सक्तीचं स्थलांतर थांबवायला लावलं आणि पुढे मुदत जानेवारी २०२७पर्यंत ढकलली गेली. वीज गेल्यावर लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला निदान एक तास आपत्कालीन कॉल करता आला पाहिजे, अशी सोय करणं तिथं कंपनीवर बंधनकारक आहे.

इथं ती सोय ग्राहकानं स्वतःच करायची. डब्याच्या अडॅप्टरवर बहुतेकदा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढ्याच व्होल्टचा, डब्याला लागतो तितका अँपिअर देणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो आणि तो काही तास फोन-इंटरनेट दोन्ही चालवतो. रस्त्यावरच्या फायबरच्या जोडांना वीज लागत नाही, पण केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्राला लागते. त्याच्याकडे बॅटरी आहे का, हे कनेक्शन घेतानाच विचारलेलं चांगलं. फोनही साधा वायरचा ठेवा. कॉर्डलेस असेल तर त्याच्या तळाला वेगळी वीज लागते.

फायबर घेताना ज्यांना जुना नंबर टिकवायचा आहे, त्यांनी माणूस घरात असतानाच तीन गोष्टी करून घ्यायच्या. फोनचा दिवा स्थिर झाल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. मोबाइलवरून लँडलाइनवर आणि लँडलाइनवरून मोबाइलवर, दोन्हीकडून कॉल लावून बघायचा. (लँडलाइनवरून मोबाइलला १५ जानेवारी २०२१पासून आधी ० लावावा लागतो, तो न लावता 'बंद आहे' म्हणणारेही भेटतात.) आणि डबा एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा, फोन परत येतो का ते बघायचं. हातानं भरलेली व्हॉइस सेटिंग नीट सेव्ह झाली नसेल तर ती इथंच पकडली जाते. तांब्याची जोडणी सोडण्याचा अर्ज यानंतर.

स्वतः बाजारातून डबा विकत आणणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची. फोनचा पोर्ट आहे एवढं बघून भागत नाही. त्या मॉडेलवर तुमच्या भागात व्हॉइस चालू करून देणार का, हे आधी विचारायचं, आणि जुना डबा परत देण्यापूर्वी नव्यावर फोन लागतो का ते बघायचं. डब्याचा सीरियल नंबर पलीकडच्या यंत्रात नोंदवावा लागतो, त्यामुळे नुसती तार काढून दुसऱ्यात घातली की काहीच चालत नाही.

नंबरांचा विषय इतक्यात संपणाराही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रायनं नंबरांच्या नव्या आराखड्याची शिफारस केली. त्यात लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करताना, गावातल्या गावातसुद्धा, आधी ० आणि एसटीडी कोड लावावा असं म्हटलंय. जुना नंबर बदलणार नाही, पण मुकुंदनगरमधून स्वारगेटला फोन लावायचा तरी ०२० पासून सुरुवात. ही शिफारस अमलात आली की डब्यांमधला डायल प्लॅन, म्हणजे किती आकडे दाबल्यावर कॉल पुढे सोडायचा याचा नियमही बदलावा लागेल. तो रकाना व्हॉइसच्या सेटिंगमध्येच असतो.